लस आणि शेजारधर्म

स्वतःच्या शरीरावर कोणाचा अधिकार, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण फारसा विचार न करता उत्तर देतो: ज्याचे शरीर, त्याचा. ख्रिस्ती माणूस त्यात थोडी दुरुस्ती करील आणि म्हणेल की शरीर ही परमेश्वराची ठेव आहे, आपण तिचे राखणदार. परंतु या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की माझ्या शरीरात जे घडते ते माझ्यापुरते असते. माझा ताप माझा, माझी जखम माझी. लस नावाची वस्तू या समजुतीला धक्का देते. ती टोचली जाते एकाच्या दंडात; तिचा परिणाम मात्र ज्याला आपण कधी पाहिलेही नाही अशा माणसाच्या घरापर्यंत जाऊन पोचतो. आणि ती आपल्यापर्यंत येते तीही कोणाच्या तरी शरीरातून वाट काढीत.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांच्या बालकापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलामुलींना, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक मात्रा द्यावयाची होती. शाळाशाळांतून रांगा लागल्या, टोचून झालेल्या मुलांच्या अंगठ्याला शाई लागली, आणि त्याबरोबरच मोबाइलवरून अफवांचेही पीक आले. आमच्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावीही त्या अफवा पोचल्या. अमरावती धर्मप्रांताच्या या पश्चिम टोकाला कॅथलिक कुटुंबे थोडी. ज्याने शाळेत चार वर्षे विज्ञान शिकवले त्याला लोक सर्वज्ञ समजतात. रविवारच्या मिस्सानंतर एका मातेने मला गाठले आणि दोन प्रश्न विचारले. "सर, रुबेलाने मुलग्यांना काही होत नाही म्हणतात, मग माझ्या पोराला ती सुई कशाला? आणि ती लस गर्भपात केलेल्या बाळाच्या पेशींवर करतात, हे खरे का?" अफवांच्या गर्दीत हे दोन प्रश्न अफवा नव्हते. दोन्ही खरे होते, आणि दोन्हींची उत्तरे नीट द्यावयाची तर आधी सुईनंतर शरीरात काय घडते ते सांगावे लागते.

गोवर-रुबेलाची लस त्वचेखाली दिली जाते. तिच्यात दोन जिवंत विषाणू असतात, पण प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून दुर्बळ केलेले. टोचल्या जागी गस्त घालणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना झाडासारख्या फांद्या असतात म्हणून शास्त्रज्ञ त्यांना वृक्षाकार पेशी म्हणतात. त्या परक्या विषाणूला गिळतात, त्याचे तुकडे करतात, आणि तेथेच न थांबता रसवाहिन्यांतून जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत, म्हणजे काखेतल्या गाठीपर्यंत, प्रवास करतात. तेथे जाऊन त्या विषाणूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवतात, आणि टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी एकामागून एक येऊन ते तपासून जातात.

येथे जे घडते ते मला आजही विस्मयकारक वाटते. शरीर गोवराविरुद्धची पेशी नव्याने घडवीत नाही. ती आधीपासूनच असते. जन्मापूर्वीपासून आपल्या अस्थिमज्जेत आणि छातीतील थायमस ग्रंथीत कोट्यवधी निरनिराळ्या आकारांच्या ग्राहकांच्या पेशी तयार होत असतात. त्यांतील ज्या स्वतःच्याच शरीरावर उलटतील अशा बहुतेकांना थायमसमध्येच नाहीसे केले जाते. उरलेल्यांपैकी बहुसंख्य पेशी आयुष्यभर कधीच कामास येत नाहीत. त्यांच्यात एखादी अशी असते की जिचा आकार गोवराच्या तुकड्याशी नेमका जुळतो. ती सापडली की ती विभागू लागते. एकीच्या हजारो होतात. मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५७ साली हा निवडीचा सिद्धांत मांडला. टी-पेशींच्या मदतीने बी-पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात. पहिली प्रतिपिंडे काहीशी ढोबळ असतात. पुढील काही आठवड्यांत लसिका ग्रंथीत त्यांची पुन्हा पुन्हा पारख होते आणि अधिक घट्ट बसणारी निवडली जातात. म्हणूनच लस घेतल्या दिवशी कोणी सुरक्षित होत नाही. गोवराच्या लसीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उमटते; तो त्या शिकवणीच्याच काळातला असतो. नंतर बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या मागे राहतात, काही अस्थिमज्जेत, काही रक्तात आणि ग्रंथींत. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. खरा गोवर पुढे कधी आला तर या पेशी त्याला ओळखतात, आणि आजाराला डोके वर काढण्यास अवसरच मिळत नाही.

मग ही लस जन्मतःच का देत नाहीत? नऊ महिने का थांबतात? कारण गर्भात असतानाच आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाच्या रक्तात आलेली असतात. ती बाळाला काही महिने सांभाळतात, आणि त्याच वेळी लसीतील दुर्बळ विषाणूलाही नष्ट करून टाकतात. मग बाळाचे शरीर काहीच शिकत नाही. नवव्या महिन्यापर्यंत हे मातृदान बरेच ओसरलेले असते, तरी सर्वांच्या बाबतीत नव्हे. त्या वयात दिलेली मात्रा सुमारे ८५ टक्के बालकांत यशस्वी होते. वर्ष पूर्ण झाल्यावर दिली तर सुमारे ९५ टक्के. म्हणून आपल्याकडे दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. ती उजळणी नव्हे, पहिल्या वेळी राहून गेलेल्यांना दिलेली दुसरी संधी होय. वीटभट्टीवर वा ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले नेमकी याच दुसऱ्या संधीला मुकतात, कारण तोवर बिऱ्हाड दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असते. आशाताई आणि आरोग्यसेविका वह्या घेऊन त्यांना शोधीत फिरतात; या कामाचे मोल आपण पुरेसे जाणत नाही, असे मला वाटते.

आता त्या मातेच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या अत्यंत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. ज्यांच्यात प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देतो. गावात शंभरातील पंचाण्णव जण सुरक्षित असतील तरच साखळी तुटते. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला आपल्या जिल्ह्यात लांबलांबून माणसे येतात. त्या गर्दीत सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेतलेली माता असते, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे मूलही असू शकते. या दोघांना लस देता येत नाही. त्यांच्याभोवती उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या शरीरांतील स्मृती, एवढेच त्यांचे संरक्षण. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली, तेव्हा ही भिंत कोठे पडली होती ते दिसून आले. कोविडच्या काळात अनेक बालकांच्या मात्रा चुकल्या होत्या.

गोवर आला नि गेला, अंगावर निघून गेला की मूल पक्के होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तिच्याबद्दल २०१९ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगण्यासारखे आहे. नेदरलँड्समध्ये धर्मश्रद्धेमुळे लस नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट समाजातील ७७ मुलांचे रक्त गोवराच्या साथीपूर्वी आणि साथीनंतर तपासण्यात आले. गोवर झालेल्या मुलांनी, इतर रोगांविरुद्ध पूर्वी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत गमावलेली आढळली. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. मूल बरे होते, पण त्याचे शरीर पूर्वी शिकलेले विसरून बसते आणि पुढे दीर्घकाळ इतर आजारांना बळी पडू शकते. त्या समाजाची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. परमेश्वराच्या योजनेत ढवळाढवळ नको, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण किंमत मोजली ती ज्यांनी काहीच ठरवले नव्हते त्यांनी.

रुबेलाची गोष्ट याहून चमत्कारिक. मुलाला तो झाला तर थोडा ताप, थोडे पुरळ, मानेमागे गाठी. पुष्कळदा कळतही नाही. १९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बालके एकामागून एक येऊ लागली. त्यांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाला होता, हे त्यांच्या ध्यानात आले. पहिल्या तीन महिन्यांत हा विषाणू गर्भापर्यंत पोचला तर अंधत्व, बहिरेपण, हृदयातील दोष, किंवा गर्भातच मृत्यू. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे वीस हजार बालके असे दोष घेऊन जन्मली. म्हणजे पाचवीतल्या मुलग्याला रुबेलाची लस देतात ती मुख्यतः त्याच्यासाठी नसते. वर्गशिक्षिका गरोदर असेल, शेजारची वहिनी असेल, एस.टी.त शेजारी बसलेली कोणी अनोळखी बाई असेल. तिच्या उदरातील, अजून नाव नसलेल्या जिवासाठी ती असते. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने दाखला सांगून उत्तर दिले होते. त्या दाखल्यातील जखमी माणूस निदान रस्त्यावर डोळ्यांना दिसत होता. येथे शेजारी दिसतही नाही.

दुसरा प्रश्न मात्र एवढ्या सहजपणे सुटत नाही. विषाणू कोणत्या तरी जिवंत पेशींवरच वाढवावा लागतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीत रुबेलाचा जो वाण आहे त्याचे नाव आर.ए. २७/३. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तो तयार केला. नावातील पहिले अक्षर रुबेलाचे, दुसरे गर्भपात केलेल्या गर्भाचे, आणि २७ हा त्या मालिकेतील गर्भाचा क्रमांक. रुबेला झाल्यामुळे ज्या मातांनी गर्भपात करून घेतले, त्यांपैकी एका गर्भातून तो विषाणू मिळाला. तो ज्या पेशींवर वाढवून दुर्बळ केला गेला त्या डब्ल्यू.आय.-३८ नावाच्या पेशी १९६२ साली स्वीडनमध्ये झालेल्या गर्भपातातून आल्या. त्या स्त्रीची संमती घेण्यात आली नव्हती. सीरमची लस एम.आर.सी.-५ या पेशींवर वाढवली जाते, आणि त्यांचा उगम १९६६ साली ब्रिटनमध्ये गर्भपात झालेल्या एका गर्भात आहे. हे गर्भपात लसीसाठी केले गेले नव्हते. त्यानंतर लसीसाठी नवनवे गर्भ लागतात असेही नाही. त्याच पेशींची संतती साठ वर्षे प्रयोगशाळांत वाढत आली आहे, आणि कुपीत गर्भाचे अवयव नसतात. तरीही मातेने विचारलेले खरे आहे, आणि तिला "असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका" असे सांगणे म्हणजे तिच्याशी खोटे बोलणे होय.

अजून एक बाब मनाला टोचते. याच लसीतील गोवराचा वाण १९५४ साली बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाच्या शरीरातून मिळाला आणि त्याचे आडनाव, एडमन्स्टन, आज जगभर त्या वाणाला चिकटून आहे. एकाच कुपीत दोन बालकांचे देणे आहे. एकाचे नाव राहिले, दुसऱ्याच्या वाट्याला क्रमांक आला.

नीतिशास्त्रात या पेचासाठी फार पूर्वीपासून एक भेद केला जातो. अठराव्या शतकात संत आल्फोन्सस लिग्वोरी यांनी तो सविस्तर मांडला. दुसऱ्याच्या दुष्कृत्याला मनाने संमती देऊन त्यात सामील होणे निराळे, आणि ते कृत्य नको असताना त्याच्या परिणामाशी दुरून संबंध येणे निराळे. पहिले कधीच क्षम्य नाही. दुसरे, पुरेसे गंभीर कारण असेल तर, चालू शकते. एका अमेरिकन संघटनेच्या प्रश्नाला उत्तर देताना पोपपीठाच्या जीवनविषयक अकादमीने जून २००५ मध्ये हाच भेद लावला: दुसरा पर्याय नसेल तर मुलांच्या आणि समाजाच्या, विशेषतः गरोदर स्त्रियांच्या, रक्षणासाठी या लसी घेता येतात. रुबेलाच्या बाबतीत तर अकादमीने असेही बजावले की, लस न दिलेल्या मुलामुळे गर्भवतीला संसर्ग होऊन बाळात व्यंग आले, तर त्याची जबाबदारी लस नाकारणाऱ्या पालकांवर येते. न जन्मलेल्या जिवाच्या कैवारासाठी लस नाकारावी, आणि त्याच नकारामुळे दुसरा न जन्मलेला जीव जावा, ही विसंगती अकादमीने ओळखली होती. २१ डिसेंबर २०२० रोजी, कोविडच्या लसी येऊ घातल्या असताना, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने तोच विचार पुन्हा मांडला. लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, ते स्वेच्छेने व्हावे, परंतु जो सद्सद्विवेकामुळे ती नाकारतो त्याने आपल्यामुळे रोग पसरू नये यासाठी इतर मार्गांनी झटले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

हा युक्तिवाद मला पटतो. पण तो ऐकून आपल्याला जो सुटकेचा निःश्वास सोडावासा वाटतो, त्याविषयी मी साशंक आहे. "चालते" एवढा एकच शब्द आपण उचलतो आणि घरी जातो. लस ही वस्तू मुळापासूनच दुसऱ्यांच्या, बहुधा दुबळ्यांच्या, शरीरांवर उभी आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी गायीच्या देवीची पहिली लस टोचली ती माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला. आपल्या देशात ती प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने एका दंडातून दुसऱ्या दंडात अशी जिवंत ठेवीत आणलेली होती, आणि ॲनाच्या फोडातील द्रव घेऊन मुंबईत पुढे इतर मुलांना टोचण्यात आले. १८०३ साली स्पेनच्या कॅथलिक राजाने लस अमेरिकेला धाडली ती बावीस अनाथ बालकांच्या दंडांतून. समुद्रप्रवासात दर काही दिवसांनी दोन नव्या मुलांना टोचायचे, असा क्रम होता. त्या मुलांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. याउलट, प्लेगच्या लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लसीच्या इतिहासात हे उदाहरण मला सर्वांत निर्मळ वाटते, आणि तेच सर्वांत विरळाही आहे. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला, १९८० साली तसे जाहीर झाले. त्या यशात त्या बावीस अनाथांचा वाटा नाही असे कोण म्हणेल? आणि त्यांच्याशी जे केले ते योग्य होते, असे तरी कोण म्हणेल?

काही वाचक विचारतील की मग सक्तीच का करू नये. एवढे सर्व लोकांचे हित असेल तर. याचे उत्तर महाराष्ट्राला शिकवण्याची गरज नसावी. हाफकिन मुंबईत लस तयार करीत होते त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्या काळात लोकांच्या मनात इस्पितळाविषयी जी दहशत बसली ती पुष्कळ वर्षे गेली नाही. २ मे २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला की कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येत नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते. ज्याने आपले शरीर दुसऱ्यासाठी पुढे करायचे त्याने ते स्वतः पुढे केले पाहिजे. ओढून नेलेल्या दंडातही प्रतिपिंडे तेवढीच तयार होतात, पण गाव मात्र पुढच्या वेळी दार लावून घेते.

२००५ च्या त्या उत्तराचा एक भाग आपण सोयीस्करपणे वाचत नाही. लस घेणाऱ्या पालकांनी पर्यायी लसीची मागणी करीत राहावे, उत्पादकांकडे आणि शासनाकडे आपला निषेध नोंदवावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. ही मागणी हवेतली नाही. जपानमध्ये रुबेलाची लस सशाच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवण्यात आली आहे; म्हणजे मार्ग आहे, तो येथे कोणी मागितला नाही इतकेच. आपल्या एखाद्या धर्मग्रामातून अशा मागणीचे पत्र गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या मातेला मी सांगितले की मुलाला लस द्या, आणि पत्र लिहावयाचे असेल तर आपण मिळून लिहू. मजकूर फार लांब लागणार नाही: आम्ही आमच्या मुलांना ही लस दिली आहे, पुढेही देऊ, ती कोठून आली ते आम्हांला ठाऊक आहे, दुसऱ्या पेशींवर वाढवलेली लस आपण करावी. खाली जितक्या कुटुंबांच्या सह्या मिळतील तितक्या. पत्त्यासाठीही दूर जावे लागत नाही. कारखाना पुण्यात हडपसरला आहे.